डावीकडची डिस्क

३ फेब्रुवारी

प्रिय ढगोबा,

आशीर्वाद शेवटी देईन. आधी काम. मावशीला गरज पडली की ती गोड बोलते असं म्हणायला तू मोकळा आहेस, आणि गरज पडली आहे हे खरंच आहे.

तुझे काका जाऊन चौदा महिने झाले. माग झाकायला टाकलेली चादर मी परवा काढली. खालच्या चित्राचं दीड वीत विणायचं राहिलंय. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं, त्यातली गत. इतके दिवस मी त्या शेपटाकडे पाठ करून बसले होते. आता पुरं करावंसं वाटतं. माझ्या डोळ्यांचाही काही भरवसा नाही. डॉक्टरीणबाई दर खेपेला चष्म्याचा नंबर वाढवतात आणि वर हसतात.

चित्र काय आहे, ते मलाही पुरतं माहीत नाही. विणलेला भाग रुळावर गुंडाळत जातो, त्यामुळे समोर हातभरच दिसतं. कापून उतरवायच्या दिवशीच सगळं एकदम बघायचं, हा ह्यांचा नियम. ह्या चित्राच्या वेळी तर पहिली तीन वर्षं मला मागाजवळ फिरकू दिलं नाही. "तू लोकर रंगव, विणायचं मी बघतो." मी म्हटलं, बघा बाबा.

आता अडचण ऐक. कुठल्या ओळीत कुठला रंग किती घरं चालवायचा, हे सगळं ह्यांच्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये आहे. तो प्रोग्रॅम ह्या जुन्या सिस्टिमवरच चालतो. इथपर्यंत ठीक. पण तीन करडे रंग संपलेत, आणि लोकरवाले आता फोनवर ऑर्डर घेत नाहीत. म्हणतात, इंटरनेटवर आमच्या पानावर जा. त्या पानावर गेलं की आमचा हा म्हातारा कॉम्प्युटर नुसता पांढरा पडतो. म्हणजे नक्षी हवी तर जुनी सिस्टिम, लोकर हवी तर नवी.

आमचे चिरंजीव म्हणतात, "आई, ते भंगारात दे, मी नवा पाठवतो." नवा आला की हा माळ्यावर जाणार, आणि माळ्यावर गेलेली वस्तू परत खाली उतरलेली मी तरी पाहिली नाही. म्हणून तुला विचारते. एकाच डबड्यात दोन बिऱ्हाडं नांदू शकतात का? ह्यांचं आहे तसं राहू दे आणि शेजारी माझं मांडून दे. तू तिकडे वेधशाळेचे कॉम्प्युटर सांभाळतोस, तर मावशीचा एक सांभाळ.

फोन करू नकोस. माझ्या कानांचं तुला ठाऊक आहे. परवा चिरंजीव "अपडेट" म्हणाले आणि मी "अर्धं पोट" ऐकून त्यांना जेवलास का विचारलं.

काल दुपारी खुर्चीतच डोळा लागला. स्वप्नात हे ओळी मोजत होते, "तीन करडा, दोन पांढरा, पाच करडा," आणि मी लोकरीच्या कांड्या भरत होते. जाग आली तर कॉम्प्युटर चालू राहिलेला, डब्यात भुंगा अडकल्यासारखा गुणगुणत होता. मी तो बंद केला नाही. संध्याकाळपर्यंत तसाच बसू दिला.

सहा वर्षांत तू एकदाही आला नाहीस. रागावून नाही म्हणत, नुसतं मोजलं.

आशीर्वाद.
तुझी मावशी


१० फेब्रुवारी

प्रिय मावशी,

नमस्कार. बोट आठवड्यातून एकदा, मंगळवारी येते. तुझं पत्र आज मिळालं आणि तासाभरात तीच बोट परत जाते, म्हणून भराभर लिहितो आहे.

दोन बिऱ्हाडं नांदतात. पण एका खोलीत नाही. काही लोक एकाच डिस्कचे दोन भाग करून दोन सिस्टिम बसवतात. मला ते नको. तुझ्यासाठी वेगळी नवी डिस्क. काकांच्या डिस्कला कुणी बोटही लावायचं नाही.

हे मी पुन्हा पुन्हा लिहीन, कंटाळू नकोस. नवी सिस्टिम बसताना तिला घरात दुसरं कुणी दिसलं, तर ती आपलं कुलूप त्याच्याही दाराला लावून ठेवते. कधी कधी तर त्याचं सामानच बाहेर फेकते. म्हणून ती बसेपर्यंत काकांची डिस्क घरात आहे हे तिला कळताच कामा नये. वायरी काढून ठेवायच्या.

सोबत दुकानदारासाठी चिठ्ठी आहे. त्याने फक्त नवी डिस्क उजवीकडच्या रिकाम्या खोबणीत बसवून द्यायची. सिस्टिम घालू का विचारेल, नाही म्हण. ती तू घालायचीस. ज्या हातांनी हजार धाग्यांतला तुटलेला धागा शोधून गाठ मारता येते, त्या हातांना दोन वायरी काय जड आहेत.

पाकिटात एक तबकडी आहे, तीत नवी सिस्टिम आहे. कॉम्प्युटर टेबलावर आडवा ठेव, झाकण काढ. दोन डिस्का शेजारी शेजारी दिसतील. डावीकडची काकांची. तिच्या दोन्ही वायरी उपट, मग तबकडी घाल आणि सुरू कर. कुठे बसू असं विचारून तो एक यादी दाखवेल. यादीत एकच डिस्क दिसली पाहिजे आणि तिच्यापुढे पाचशेच्या जवळचा आकडा. काकांची एकशे साठची आहे. पाचशेखेरीज दुसरं काहीही दिसलं तर "हो" म्हणू नकोस. बटण दाबून धर, बंद कर, मला लिही.

सगळं झालं की काकांच्या वायरी परत लाव. त्यानंतर कॉम्प्युटर सुरू करताना F12 ची कळ दाबत राहिलीस की तो विचारेल, कुणाकडे जायचं? तुला लोकर आणायची असेल तर नवीकडे, नक्षी बघायची असेल तर काकांकडे. एकाला दुसऱ्याचं काही कळत नाही. नव्या सिस्टिममधून काकांच्या नक्षीची नक्कलही करता येईल, ते नंतर सांगतो.

मला यायला जमणार नाही. इथे माझ्या जागी दुसरं कुणी नाही. आठ दिवस धुकं आहे. वाऱ्याचं यंत्र फिरताना ऐकू येतं पण दिसत नाही. आम्ही वहीत "दृश्यता शून्य" लिहितो आणि चहा पितो.

तुझा भाचा


२५ फेब्रुवारी

प्रिय ढगोबा,

तुझं पत्र वाचून वाटलं, मला बॉम्ब निकामी करायला बसवतोयस. चार वेळा "काकांच्या डिस्कला हात लावू नकोस" आहे, मी मोजलं.

डिस्क आणली. दुकानदार घरी येऊन बसवून गेला. भला माणूस. आत सहा वर्षांची धूळ होती ती फुंकून, ब्रश मारून त्याने सगळं लख्ख केलं. आता दोघी शेजारी शेजारी बसल्यात, पत्र्याच्या खोबणीत अंग लपवून, नुसती शेपटं बाहेर. जुनी कुठली नि नवी कुठली, बघून सांगता येणार नाही. पण तू लिहिलंयस ते आहेच. "सिस्टिम पण टाकून देऊ का आजी?" म्हणाला. मी म्हटलं, माझा भाचा टाकणार आहे, पत्राने. तो ब्रश खिशात घालून निघाला.

पाच तारखेला दुपारी बसेन. दुपारी उजेड चांगला असतो त्या खोलीत, तुला आठवत असेल.

एक विचारू? एवढं भ्यायला काय झालं? मागच्या वेळी डिस्क गेली तेव्हा तू इथे होतास, म्हणून? अरे, ती जुनीच होती. हे म्हणायचेच, "जायची होती, गेली, अकरा वर्षांच्या नक्ष्या घेऊन गेली, आता नवीन काढू." त्यांनी मनाला लावून घेतलं नाही, तू कशाला घेतोस? त्या दिवशी तू पानावरून उठून गेलास ते मात्र मला अजून आठवतं. भात तसाच होता.

मावशी


३ मार्च

मावशी,

हे पत्र पाच तारखेच्या आत पोचणार नाही, मला ठाऊक आहे. तरी लिहितो. आज नाही लिहिलं तर कधीच लिहिणार नाही.

ती डिस्क आपोआप गेली नव्हती. मी पुसली.

काकांनीच मला बोलावलं होतं, आठवतं? तेव्हाही हेच करायचं होतं, दुसऱ्या डिस्कवर दुसरी सिस्टिम. एक रिकामी होती, एकीत त्यांचं सगळं काम. मी उघडून विचारलं, "काका, रिकामी कुठली?" ते मागावर बसले होते, माझ्याकडे पाठ. तसेच म्हणाले, "डावीकडची." मला कामाचा नवा नवा माज होता. वायरी काढायचा कंटाळा केला. आकडे सारखेच होते म्हणून यादी नीट वाचली नाही. "हो" म्हणून मोकळा झालो.

अर्ध्या तासाने कळलं. उजवीकडची बाहेर काढून बघितली, तर रिकामी तीच. मी काकांना हाक मारली. ते येऊन उभे राहिले, पडद्याकडे बघितलं, आत बघितलं, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "चल, जेवून घे." तू ताटं मांडत होतीस. त्यांनी तुला सांगितलं, डिस्क गेली. मी ऐकत होतो. मला तोंड उघडता आलं असतं. नाही उघडलं.

सहा वर्षं मी हाच विचार करतोय, की ऐकताना माझीच चूक झाली. ते उजवीकडची म्हणाले असणार आणि मी डावीकडची ऐकली. अकरा वर्षं, मावशी. त्यांनी एकदाही बोल लावला नाही, ओरडलेही नाहीत. ओरडले असते तर मी परत आलो असतो.

ते गेल्याची बातमी इथे तीन दिवसांनी पोचली. बोट होती. मी चढलो नाही.

आता तुला सगळं ठाऊक झालं. तू अजून सुरू केलं नसशील तर थांब. दुसऱ्या कुणाला बोलाव. माझ्या शब्दावर जाऊ नकोस.

भाचा


५ मार्च

प्रिय ढगोबा,

झालं! पण आधी घात होता होता राहिला, ते ऐक.

जेवण आटोपून बसले. झाकण काढलं. "डावीकडची" असं तीनदा मोठ्याने म्हणाले, दोन वायरी उपटल्या, तबकडी घातली. सुरू केला. यादी आली. एकच डिस्क, तुझ्या म्हणण्याप्रमाणे. पुढे आकडा एकशे साठ.

माझा हात त्या "हो" वरच होता. खोटं का सांगू, मी आकडा वाचलाही होता आणि मनात म्हटलं होतं, असेल. मग तुझं पत्र समोर उभं दिसलं. बटण दाबून धरलं. पाणी पिऊन आले, परत आत वाकून बघितलं, तर मी उजवीकडच्या वायरी उपटल्या होत्या! ह्यांची डिस्क जोडलेली, नवी सुटी. आणखी एक बोट पुढे गेलं असतं तर दीड वीत कायमचं दीड वीत राहिलं असतं.

मला काही म्हातारचळ लागलेला नाही. डावं-उजवं मला कळतं. पण तू कधी मागावर बसला नाहीस, तुला काय सांगू. आम्ही चित्र मागच्या बाजूने विणतो. विणणाऱ्याच्या उजव्या हाताला जे येतं ते चित्राचं डावं. चाळीस वर्षं आम्ही दोघं मागावर "डावीकडे दोन घरं करडा" म्हणालो की हात उजवीकडेच जायचा. त्या खोलीत आमचं स्वतःचं डावं असं नव्हतंच, होतं ते चित्राचं. तू "डावीकडची" लिहिलंस, आणि मी त्या खोलीत बसून वाचलं. हात आपला आपण गेला. रस्त्यावर कुणी डावीकडे वळा म्हटलं तर मी नीट वळते हो.

मग अदलाबदल केली. पाचशे आलं. तरी चष्मा पुसून परत वाचलं. "हो" म्हटलं. तासभर ते आपलं आपण काहीतरी करत बसलं आणि मी खिडकीतून बघत बसले. ह्यांच्या वायरी परत लावल्या. F12 दाबली. दोन नावं आली, एकाखाली एक. मी पहिल्यांदा ह्यांच्याकडेच गेले.

सगळं जागच्या जागी होतं. फक्त घड्याळ चुकलंय. इथे पाच वाजले होते, तिथे एक. परत नवीकडे गेले, तिथे बरोबर पाच. पुन्हा ह्यांच्याकडे, एकच. चार तास मागे. दुपारी एक म्हणजे ह्यांची मागावर बसायची वेळ, उजेड सरळ धाग्यांवर यायचा. मी तिथे बराच वेळ बसले. बाहेर ऊन उतरत होतं आणि आत नुकतीच जेवणं आटोपली होती. खूप बरं वाटलं मला, ढगोबा. दुरुस्त करायचं असतं का रे हे?

लोकरीची ऑर्डर उद्या.

मावशी


१३ मार्च

बाळा,

तुझं तीन तारखेचं पत्र मिळालं. दोनदा वाचलं. पहिल्यांदा बसून, दुसऱ्यांदा उभं राहून.

माझं पाच तारखेचं तुला मिळालं असेलच. नसेल, तर आधी ते वाच, मग हे. वाचलंस? आता सांग, "डावीकडची" म्हणणारा माणूस कुठे बसला होता? मागावर. पाठ तुझ्याकडे, हातात कांडी. त्याची डावी कुठली?

तू बरोबर ऐकलंस, बाळा. ते डावीकडचीच म्हणाले. चित्राची डावी म्हणाले. तू आपली डावी धरलीस. जी चूक मी परवा करत होते तीच, फक्त उलट्या टोकाने. माझ्या वेळी तुझा आकडा मध्ये आला. तुझ्या वेळी कुणी आलं नाही.

हे माझ्या मनाचे खेळ आहेत असं म्हणशील. मीही दोन दिवस तसंच म्हटलं. मग आलेल्या लोकरीच्या छटांचे नंबर ताडून बघायला ह्यांच्याकडे गेले. त्या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक ओळीला एक टिपेची जागा आहे. कळ दाबली तर उघडते. तीत हे लिहायचे, "करडा सैल ठेवणे", "इथे नवा रंग, घट्ट नको". मी कधी उघडून बघितली नव्हती, ते सांगायचे आणि मी ऐकायचे. छटा सापडेना म्हणून पहिल्या ओळीपासून उघडत निघाले.

एकतिसाव्या ओळीची टीप जशीच्या तशी उतरवते:

"डावी म्हणालो ती चित्राची. पोराने स्वतःची धरली. त्याला काय माहीत. चूक माझी. त्याला कळवायचं."

खाली तारीख आहे. तू गेलास त्याच्या नवव्या दिवसाची.

मग एकशे अठराव्या ओळीत, "पांढरा कमी पडेल. भाच्याला कळवायचं." दोनशे चाळीसमध्ये नुसतं "कळवायचं." तीनशे दोनमध्ये, "आज पत्र लिहायला बसलो. फाडलं. पोराने माझ्यामुळे घर सोडलं, आता कुठल्या तोंडाने." पुढे कितीतरी ओळी फक्त रंग. आणि अचानक मध्येच, "तिकडे थंडी असेल."

मला राग आला, तुला सांगते. त्या रिकाम्या खुर्चीवर मी मोठ्याने ओरडले. दोघंही एकाच घरात जेवलेले, दोघांना एकच गोष्ट सलत होती, आणि एकाने बेटावर जाऊन तोंड मिटलं, दुसऱ्याने मागावर बसून. मी मध्ये ताटं मांडत होते. मला कुणी एका शब्दाने सांगितलं असतं तर मी एका मिनिटात दोघांचे कान धरले असते. पण ओरडून झालं आणि मग मी रडले. पुरेसं रडले. आता ठीक आहे.

लोकर आली. रोज पाचच्या सुमारास बसते, तीन-चार ओळी होतात. आधी ह्यांच्याकडे जाऊन ओळ वाचते, मग मागावर जाते. तिथे नेहमी एक-दीड वाजलेला असतो, त्यामुळे घाई अशी वाटत नाही. राहिलेल्या भागात पाणी आहे, धुकं आहे आणि एक होडी. होडीचं तोंड खिडकीकडे आहे, म्हणजे बाहेर निघालीय असं बसल्या जागेवरून दिसतं.

शेवटच्या ओळीची टीप मी वाचायला नको होती, कारण आपण ओळीच्या पुढे वाचत नाही. पण वाचली. लिहिलंय, "कापायला दोन माणसं लागतात. एक धरायला, एक कापायला. भाच्याला बोलवायचं."

आणखी अकरा दिवसांत मी तिथे पोचेन. मग थांबेन. एकटीने कापता येत नाही, आणि चिरंजीवांना कात्री नीट धरता येत नाही.

भात गरम करून देईन. ह्या खेपेला पानावरून उठायचं नाही.

मावशी


२४ मार्च

मावशी,

दोन मंगळवार धुक्याने बोट आली नाही. तुझं पाच तारखेचं आणि तेरा तारखेचं, दोन्ही पत्रं आज एकदमच हातात पडली. पाचचं धक्क्यावर उभ्यानेच वाचलं. तेराचं पायरीवर बसून वाचलं. टपालवाल्याने विचारलं, "सगळं बरं ना घरी?" मी म्हटलं, "घरी दुपारचा एक वाजलाय." तो पुढची पाकिटं मोजायला लागला, इथे माणसं एकटी राहून असं बोलतात, त्याला सवय आहे.

माझ्या जागी कुणी नाही असं लिहिलं होतं ना, ती थाप होती. दोघं आहेत. सहा वर्षं मला रजा घ्या म्हणून मागे लागलेत.

पुढच्या मंगळवारच्या बोटीत मी आहे.

होडी खिडकीकडे निघालीय म्हणालीस. मी कधी मागावर बसलो नाही, पण आता मला एवढं कळतं. कापून उलटवली, की तिचं तोंड दाराकडे होईल.

दोन्ही सिस्टिम एकच घड्याळ आपापल्या रीतीने वाचतात, ते दुरुस्त करायला एक ओळ पुरते. ती मी कुणाला सांगणार नाही.

तुझा ढगोबा


(कॉम्प्युटरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलेली चिठ्ठी)

२ एप्रिल

जो कुणी हे उघडेल त्यास,

आत दोन डिस्का आहेत. दोन्ही चालू आहेत आणि दोन्ही लागतात. ह्या घरात डावं-उजवं म्हणायचं नाही असं आज ठरलं आहे. खिडकीकडची काकांची. दाराकडची मावशीची.

काकांकडचं घड्याळ चार तास मागे दिसेल. ते बिघडलेलं नाही. तसंच राहू द्यावं.

काही पुसायची वेळ आली, तर आधी काकांकडे जाऊन एकतिसावी ओळ वाचावी. शेवटच्या ओळीच्या टिपेखाली मी "आलो" असं लिहिलं आहे, तेही राहू द्यावं.

भाचा